व्हाइट हाउसचे सल्लागार महिन्याभरात कसे जातात? आणि त्यांचे दिवस मोजायचे कसे?

अभ्यासिका_दिग्रस
गावच्या अभ्यासिकेच्या भिंतीसाठी तक्ता करणं सुरू आहे: अमेरिकी अध्यक्षांचे सल्लागार आणि त्यांचे कार्यकाळ. दोन ठिकाणी गाडी अडली आहे. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मायकेल फ्लिन एका गाइडमध्ये 22 दिवस, दुसऱ्या गाइडमध्ये 24. व्हाइट हाउसचे माध्यम-संपर्क प्रमुख अँथनी स्कारामुची कुठे 10, कुठे 11. लिहायचं काय? दुसरं असं की आपल्याकडे 2005 च्या बदली कायद्यानुसार तहसीलदाराला तीन वर्षांआधी हलवायचं तर कारण लेखी नोंदवावं लागतं. तिथे एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस महिन्यात घरी कसा जातो? ‘ट्रम्प लहरी आहेत’ एवढ्यावर पोरांचं समाधान होत नाही.

पैनगंगा_काठ
आकडे दोन्ही बरोबर, फक्त सुरुवात वेगवेगळी धरली आहे. फ्लिन यांची नेमणूक ट्रम्प यांच्या शपथेच्या दिवसापासून, म्हणजे 20 जानेवारी 2017 पासून धरतात. पण व्हाइट हाउसच्या वरिष्ठ मंडळींचा शपथविधी झाला 22 तारखेला. राजीनामा 13 फेब्रुवारीचा. आता वजाबाकी करून बघा, 24 आणि 22 दोन्ही निघतील. स्कारामुचींचं नाव 21 जुलै 2017 ला जाहीर झालं आणि 31 ला गच्छंती. नुसती वजाबाकी 10, दोन्ही टोकं धरली तर 11. पऱ्हाटीचे नांगे भरायच्या आत माणूस गेला!

तक्त्यात आधी दिवस लिहूच नका, तारखा लिहा: नाव कधी जाहीर झालं, रुजू कधी झाले, जाण्याची घोषणा कधी, प्रत्यक्ष पद कधी सोडलं. चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे व्हाइट हाउसच्या कर्मचाऱ्यांचे प्रमुख, राइन्स प्रीबस यांच्या जागी जॉन केली येणार हे 28 जुलै 2017 ला कळलं, केलींनी सूत्रं घेतली 31 ला. त्यामुळे प्रीबस यांचे कुठे 189 दिवस दिसतील, कुठे 192. सगळ्यांना एकच नियम लावा, रुजू ते पदमुक्ती, आणि तो तक्त्याच्या तळाशी लिहून ठेवा.

एक्सेलमध्ये करणार असाल तर सर्वांत मोठा घोळ तारखेच्या मांडणीचा होतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन रुजू झाले 4/9/2018 ला, म्हणजे 9 एप्रिल. गेले 9/10/2019 ला, म्हणजे 10 सप्टेंबर. हे होतात 519 दिवस. आपल्या सेटिंगमध्ये तीच तारीख 4 सप्टेंबर ते 9 ऑक्टोबर वाचली जाते आणि उत्तर येतं 400. एक्सेल चूक दाखवत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्याच असतात. म्हणून महिना अक्षरात टाका.

वऱ्हाडी_बाप्पा
दुसरा प्रश्न मी घेतो. काहून टिकत नाई? कारण या खुर्चीले कायद्याचा खुटाच नाई. मंत्री नेमाचा तर सिनेटची, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाची, मंजुरी लागते. चीफ ऑफ स्टाफ अन् राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार यायले ते लागत नाई, मुदतही नाई. अध्यक्षाची मर्जी हाय तोवर पद.

पण इथं पोरं एक चूक करतात. सिनेटनं मंजूर केलं म्हणजे सिनेटले विचारूनच काढा लागते, असं त्याईले वाटते. तसं नाई. मायर्स खटल्यात, 1926 साली, तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं का असे अधिकारी अध्यक्ष एकटा काढू शकते. मंत्री जास्त टिकते तो यासाठी, का नवा आणाचा म्हटलं तर पुन्हा सुनावणी, पुन्हा मतदान. सल्लागार सकाळी काढला, संध्याकाळी दुसरा बसला. मुदत असून भागते असंही नाई बाप्पा: एफबीआयच्या संचालकाले कायद्यानं 10 वर्षं हायेत, तरी जेम्स कोमी मे 2017 मध्ये गेलेच.

‘का गेले’ हा रकाना मात्र पक्का ठेवजा, सगळ्याईले ‘हकालपट्टी’ लिहू नका. फ्लिन गेले कारण रशियन राजदूतासोबतच्या बोलण्याबद्दल त्याईनं उपाध्यक्ष पेन्स यायले खरं सांगितलं नाई. जेराल्ड टरहॉर्स्ट हे अध्यक्ष फोर्ड यायचे प्रेस सेक्रेटरी. सप्टेंबर 1974 मध्ये फोर्ड यायनं माजी अध्यक्ष निक्सनले माफी दिली म्हणून महिन्याभरात सोताहून गेले. माइक वॉल्ट्झ 20 जानेवारी ते 1 मे 2025, म्हणजे 101 दिवस, अन् तिथून संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतपदासाठी नाव. तिन्ही गोष्टी येगयेगळ्या हायेत.

चांदूर_संदर्भ
थोडी भर. गाइडमध्ये प्रीबस ‘सर्वांत कमी काळ टिकलेले चीफ ऑफ स्टाफ’ असं छापतात. जेम्स बेकर ऑगस्ट 1992 ते जानेवारी 1993 याच पदावर होते, म्हणजे त्याहून कमी! पण ते थोरल्या बुश यांची मुदत संपली म्हणून गेले, आणि त्याआधी रेगन यांच्याकडे 1981 ते 85 त्याच पदावर होते. अटी न सांगता ‘सर्वांत कमी’ लिहिलं की वाद होणारच.

हे सगळं एकट्या ट्रम्प यांच्या माथी मारू नका. रेगन यांनी 8 वर्षांत 6 सुरक्षा सल्लागार पाहिले. उलट किसिंजर त्याच पदावर जवळपास 7 वर्षं, आणि धाकट्या बुश यांचे अँड्र्यू कार्ड चीफ ऑफ स्टाफ म्हणून 5 वर्षांहून जास्त. ब्रुकिंग्ज या संस्थेच्या मोजणीत ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत वरच्या सल्लागारांपैकी 92 टक्के बदल झाला, ओबामांच्या पहिल्या कारकिर्दीत 71 टक्के. मात्र ती मोजणी एका पदावरचा पहिलाच बदल धरते. त्याच खुर्चीवर नंतर चार माणसं बदलली तरी टक्का हलत नाही, म्हणून टक्क्याखाली ही टीप हवीच.

अभ्यासिका_दिग्रस
आभार. ‘कार्यवाहक’ लोक कुठे टाकायचे? मिक मुलवेनी यांच्या नावापुढे सगळीकडे ‘कार्यवाहक’ आहे.

पैनगंगा_काठ
मुख्य रांगेतच, नावापुढे खूण करून. मुलवेनी जानेवारी 2019 ते मार्च 2020 असे सव्वा वर्ष ‘कार्यवाहक’च होते, तरी काम पूर्ण चीफ ऑफ स्टाफचंच करत होते. सिनेटची मंजुरीच लागत नसल्यामुळे या पदावर तो शब्द नुसता लेबलापुरता. वॉल्ट्झनंतर परराष्ट्रमंत्री रुबिओ यांच्याकडे सुरक्षा सल्लागाराचं काम आलं, तिथेही खूण करा आणि मूळ पद शेजारी लिहा.

आणि तक्त्याच्या मथळ्यात ‘राष्ट्रपतींचे सल्लागार’ लिहू नका, ‘अमेरिकी अध्यक्षांचे’ लिहा. नाहीतर अर्धी पोरं राष्ट्रपती भवनात शोधत बसतील.