फराळाच्या कॅटलॉगसाठी एआयला नेमकं काय सांगायचं? (फुकट आणि मोबाइलवर)

रानजाई
नमस्कार मंडळी. नाशिकला माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. भाजणीची चकली, कडबोळी, अनारसे, लसूण शेव. दिवाळीच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक पदार्थाखाली चार-पाच ओळी टाकायच्यात, मराठीतच. एआयची दोन-तीन फुकटची अ‍ॅप वापरून बघितली. "भाजणी चकलीची जाहिरात लिहून दे" म्हटलं की येतं ते असं: "आमच्या कुरकुरीत चकल्यांसह परंपरेच्या चवीचा प्रवास सुरू करा! प्रत्येक घासात प्रेम आणि आठवणींचा परिपूर्ण संगम." असं कोण बोलतं हो? प्रॉम्प्ट (म्हणजे एआयला द्यायची सूचना) कसा लिहिला म्हणजे माणसासारखं मराठी येईल? मराठीत लिहू का इंग्रजीत? बजेट शून्य आहे आणि फक्त मोबाइल आहे, लॅपटॉप नाही.

टेकआबा
ताई, फुकटच्या नादी लागू नका. मी चॅटजीपीटी आणि क्लॉड दोन्हीचे पैसे भरतो, ऑफिसचे रिपोर्ट, मेल, सोसायटीच्या नोटिसा, मुलीचं शाळेतलं भाषण, सगळं त्यावरच होतं आणि एक नंबर होतं. महिन्याला पैसे गेले तरी वसूल आहेत. प्रॉम्प्टची सुरुवात कायम भूमिकेने करायची, "तू वीस वर्षं अनुभव असलेला मराठी जाहिरात लेखक आहेस". एवढं एक वाक्य टाका, फरक दिसेल.

अबोली
टेकआबा, बजेट शून्य लिहिलंय त्यांनी. आणि भूमिकेचं म्हणाल तर "अनुभवी जाहिरात लेखक" म्हटलं की ते आणखीच जाहिरातीसारखं लिहितं, ताईंची तक्रार तीच तर आहे. मी साड्यांच्या पेजसाठी रोज लिहून घेते, फुकटच्याच अ‍ॅपवर. वाचणारी बाई कोण आहे आणि ती फोनवर काय विचारते, हे सांगितलं की खरा फरक पडतो. मी तुमच्यासाठी असं लिहीन:

"भाजणीच्या चकलीबद्दल व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगसाठी ४० ते ५० शब्द लिही. वाचणारी पुण्या-मुंबईत नोकरी करणारी बाई आहे, तिला घरी करायला वेळ नाही पण चव घरचीच लागते. ती नेहमी विचारते: तेलकट आहे का, किती दिवस टिकते, अर्धा किलोत किती बसतात. याचीच उत्तरं दे. माहिती अशी: (इथे तुमची माहिती). वाक्यं छोटी, फोनवर बोलल्यासारखी. उद्गारचिन्ह नको, प्रवास, संगम, अनुभव, जादू हे शब्द नकोत."

"माहिती अशी" च्या पुढे तुम्ही जे लिहाल त्यावर सगळं आहे. तिथे काही नसेल तर त्याला तुमची चकली आणि बाजारातली चकली सारखीच.

बेएरियातलाबंड्या
प्रॉम्प्ट इंग्रजीतच लिहा आणि शेवटी "उत्तर मराठीत दे" सांगा. देवनागरीला टोकन (एआय मजकुराचे जे छोटे तुकडे करून मोजतं ते) जास्त लागतात, फुकटच्या प्लॅनची मर्यादा लवकर संपते. मी इथे याच क्षेत्रात आहे म्हणून खात्रीने सांगतोय.

लेखणीवीर
बंड्या, टोकनचा मुद्दा जुना झाला. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीचं जीपीटी-४ओ हे मॉडेल आलं तेव्हाच मजकुराचे असे तुकडे पाडणारा नवा टोकनायझर आला आणि मराठी मजकुराला लागणारे टोकन जवळपास एक तृतीयांशावर आले. आणि चार ओळींच्या मजकुरासाठी टोकन मोजतंय कोण. इंग्रजीत सूचना दिली की उत्तरातली वाक्यरचनाही बऱ्याचदा इंग्रजी वळणाची येते, दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन करताना हे मी रोज बघतो. बोलता त्या मराठीत लिहा, अगदी नाशिककडच्या बोलीत.

बेएरियातलाबंड्या
सूचना गुंतागुंतीची असली की इंग्रजीतच नीट पाळली जाते. माझ्या टीममध्ये सगळे तसंच करतात. असो.

वाईकर
मूळ मुद्दा बाजूला राहिला. माझ्या बायकोने एआयला भाजणी विचारली तर त्याने मैदा घालायला सांगितला, मैदा! ज्याला भाजणी माहीत नाही ते चकलीबद्दल काय लिहिणार. आमच्याकडे चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, एक मूग डाळ, धणे-जिरे, सगळं वेगवेगळं भाजून दळायचं. पोहे घालायचे नाहीत.

चिंचेचंझाड
पोहे न घालता चकली हलकी कशी होणार? आमच्याकडे वाटीभर पोहे आणि मूठभर साबुदाणा असतोच. ताई, लॅपटॉप घ्याच, मी सेकंडहँड घेतला, मोबाइलवर हे सगळं टाइप करून डोळे जातात. आणि प्रॉम्प्टमध्ये वाचणारं कोण आहे ते सांगा, फार उपयोग होतो.

अबोली
तेच तर वर लिहिलंय मी.

लेखणीवीर
ताई, आणखी एक, आणि माझ्या मते हेच सगळ्यात उपयोगी. सूचना लांबवण्यापेक्षा नमुना द्या. २०२० मध्ये जीपीटी-३ या चॅटजीपीटीच्या आधीच्या मॉडेलचा शोधनिबंध आला त्याचं मुख्य सांगणंच हे होतं, की दोन-चार उदाहरणं समोर ठेवली की मॉडेल तो साचा उचलतं. तुम्ही जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर जे पाठवलंय, "काकू, शेव आज केलीय, गरम आहे तोवर घेऊन जा" असलं काही, ते तीन मेसेज जसेच्या तसे चिकटवा आणि म्हणा, "हे माझं लिहिणं आहे, याच आवाजात अनारशाबद्दल लिही". "सोपं लिही", "घरगुती लिही" असल्या विशेषणांचा त्याला नीट पत्ता लागत नाही, नमुन्याचा लागतो. एका वेळी तीन मसुदे मागा, त्यातलं बरं वाटेल ते धरून "दुसरं वाक्य काढ, टिकण्याचं आधी आण" असं नेमकं सांगा. "अजून छान कर" म्हणालात की ते हमखास फुगवून ठेवतं. आणि चारदा सांगूनही गाडी रुळावर येत नसेल तर त्याच चॅटमध्ये भांडू नका, नवीन चॅट उघडून सगळी माहिती पुन्हा द्या, आधीचा बिघडलेला मजकूर समोर असेपर्यंत ते त्याचीच री ओढतं.

पॅकिंगवाला
मी लेबल छापतो, त्यामुळे मला दुसरीच काळजी आहे. मागच्या सीझनला एका चिवडेवाल्याने एआयकडून मजकूर लिहून आणला, त्यात "१००% नैसर्गिक, कोलेस्टेरॉल-फ्री, हृदयासाठी उत्तम" असं सगळं होतं. त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं, टूलने मनाने घातलेलं. मी हटकलं तरी तो ऐकेना, पाच हजार स्टिकर छापून घेतले आणि मग कोणीतरी सांगितल्यावर सगळे रद्दीत. खाण्याच्या पदार्थांच्या जाहिरातींसाठी एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे) २०१८ चे नियम आहेत, नॅचरल, फ्रेश, ट्रॅडिशनल, ओरिजिनल असले शब्दसुद्धा मनाला येईल तसे वापरता येत नाहीत. आणि कॅटलॉगही जाहिरातच झाली. म्हणून प्रॉम्प्टमध्ये हे घालाच: "मी दिलेल्या माहितीपलीकडे एकही दावा करू नकोस, आरोग्याबद्दल काही लिहू नकोस, माहिती कमी पडली तर मला विचार." हे लिहिल्यावरही आलेलं प्रत्येक वाक्य स्वतः वाचा. पाकिटावर तुमचा एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आहे ना?

टेकआबा
फुकटच्या व्हर्जनमध्येच असले घोळ होतात. ताई, प्रॉम्प्टचा एक ऑनलाइन कोर्स मी केलाय, ९,९९९ रुपये होते पण पाचशे तयार प्रॉम्प्ट मिळाले, लिंक व्यपनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

अबोली
ताई, ते घेऊ नका. तयार प्रॉम्प्टमध्ये तुमची चकली कुठून येणार? शिवाय पैसे भरलेल्या व्हर्जनमध्येही असे दावे येतात, मी दोन्ही वापरून पाहिलीत.

सीएसएमटीकर
मला तर हे सगळंच पटत नाही. गणपतीत प्रत्येक मंडळाचं निमंत्रण एकसारखं, वाढदिवसाच्या शुभेच्छा एकसारख्या, आता फराळपण एकसारखा बोलणार. स्वतः लिहा ना दोन ओळी.

वाईकर
सहमत. आणि पोह्यांनी चकली हलकी होत नाही, तेल पिते.

रानजाई
सगळ्यांचे खूप आभार, इतकं मनापासून लिहिलंत. अबोलीताई, तुमचा प्रॉम्प्ट वापरून बघितला, बरंच सुधारलं पण तरी ते मी बोलते तसं येईना. लेखणीवीर यांनी सांगितलं म्हणून जुने मेसेज शोधायला बसले आणि ते वाचता वाचताच वाटलं की हेच टाकावं की कॅटलॉगमध्ये. मग सासूबाईंना समोर बसवलं, मोबाइलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग लावलं आणि म्हटलं, आई, काकूंना सांगता तसं चकलीबद्दल सांगा. हे बघा:

"भाजणी घरी भाजून गिरणीतून दळून आणतो. मोहन तेलाचं, लोण्याचं नाही. तळून झाल्यावर कागदावर रात्रभर ठेवतो, मगच डब्यात. तिखट बेताचं आहे, मुलांना चालतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलीत तर महिनाभर कुरकुरीत राहते. कमी तिखट हवी असेल तर आधी सांगा."

लिहिण्यासाठी एआय घेणारच नाही असं ठरवलंय, प्रॉम्प्टही नको आणि लॅपटॉपही नको. फक्त शुद्धलेखन तपासून घेईन. पॅकिंगवाला दादा, नंबर आहे, पाकिटावर छापलाय, आणि तुमच्यामुळे इन्स्टावरचं "१००% शुद्ध" कालच काढलं.

अबोली
मस्तच आहे. शुद्धलेखनाला देताना "फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बघ, एकही शब्द बदलू नकोस, काय बदललंस त्याची यादी दे" असं लिहा. नाहीतर "बेताचं"चं "संतुलित" करून ठेवेल.

टेकआबा
पंचवीस पदार्थ झाले की प्रत्येक वेळी सासूबाईंना बसवणार का? तेव्हा प्रॉम्प्ट लागेलच, बघा.

वाईकर
भाजणीत पोहे आहेत का ते लिहिलं नाहीत.

रानजाई
आहेत, अर्धी वाटी.

चिंचेचंझाड
बघा! ताई, एक किलो चकली बेंगळुरूला कुरिअरने येईल का, मोडणार नाही असं पॅकिंग करता का?