बर्मिंगहॅमची ती सेमी आणि आठ सेकंदांचं घड्याळ
शूटआउटमध्ये आपल्या हॉकीच्या पोरींना प्रेशर झेपलं नाही म्हणून ऑस्ट्रेलियाशी हरलो, हे मला तरी अर्धवटच वाटतं. २०२२ कॉमनवेल्थची ती सेमी १-१ होती, वंदना कटारियाने शेवटच्या क्वार्टरमध्ये बरोबरी केलेली. शूटआउटला २३ मीटर रेषेवरून बॉल घेऊन निघायचं आणि ८ सेकंदांत गोल, एवढाच खेळ. त्यांच्या रोझी मेलोनचा पहिला प्रयत्न आपल्या गोलकीपर सविताने मस्त अडवला, आपण इकडे टाळ्या पिटतोय, आणि तेवढ्यात कळतं की घड्याळच सुरू झालं नव्हतं म्हणे, परत घ्या! दुसऱ्यांदा तिने गोल केला आणि मग आपलं सगळं ढेपाळलंच, ३-० ने गेलो. एफआयएचने (आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने) नंतर माफी मागितली म्हणा, पण त्याचं काय लोणचं घालायचं?

बरं, आपल्या तिन्ही पोरी चुकल्या हे मान्यच, ते घड्याळावर नाही ढकलणार. पण मग ब्राँझच्या मॅचला न्यूझीलंडने शेवटच्या काही सेकंदांत पेनल्टी स्ट्रोकवर बरोबरी केली, म्हणजे पुन्हा शूटआउट (माझा तर धीरच सुटला होता), आणि तिथे याच पोरी २-१ ने जिंकल्या. सविताने काय एकेक अडवलेत!