न येणाऱ्या मांजरासाठी शब्द कोणता?

प्रश्न (गावभाग, सांगली)

आमच्या वाड्यात सकाळी दुधाच्या वेळेला एक पट्ट्यापट्ट्यांचे मांजर नेमाने येत असे. ते आमचे पाळलेले नव्हते. गल्लीतल्या अनेक घरांत त्याचा वावर होता आणि प्रत्येक घराने त्याला आपापले नाव ठेवले होते. गणपती झाल्यापासून ते आलेले नाही. बहिणीला ही गोष्ट पत्राने कळवायची आहे. जे मांजर आपले नव्हते ते 'हरवले' असे लिहिता येईल का? शिवाय घरात सर्वांनाच जे वाटते आहे, त्याला 'आठवण येते' हे शब्द अपुरे पडतात. मुले सरळ 'मिस करतो' म्हणतात. त्यासाठी मराठीत नेमके काय म्हणावे?

उत्तर (सातारा)

'हरवले' असे म्हटले की ते कोणाचे, हा प्रश्न लगेच येतो; म्हणून ते येथे नको. 'बेपत्ता' हा पोलीस ठाण्यातला आणि वर्तमानपत्रातला शब्द आहे. आपल्या भागात अशा वेळी 'फिरकले नाही' असे म्हणतात आणि मला तेच सर्वांत योग्य वाटते. 'फिरकणे' हे क्रियापद बहुधा नकारातच येते. येणे न येणे ही ज्याची त्याची मर्जी, हे ते मान्य करते आणि तरीही आपण वाट पाहत होतो, हेही सांगते.

मनाच्या अवस्थेसाठी शब्द पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. काही वाईट घडल्याचे कळले तर हळहळ वाटते. आपल्या हातून करायचे काही राहून गेले तर रुखरुख लागते. चुटपुट हे तिचेच लहान रूप. विरह प्रियजनांचा किंवा देवाचा. 'करमत नाही' हे बरेच जवळचे आहे, परंतु ज्या घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाचा सगळा दिवस त्या मांजराच्या सोबतीने जात होता, त्या माणसाच्या तोंडीच ते शोभेल.

माझ्या मते तुम्हाला हवा असलेला प्रयोग 'चुकल्यासारखे वाटणे' हा आहे. आज 'चुकणे' म्हटले की गणित किंवा पत्ता चुकणे डोळ्यांसमोर येते, पण ताटातूट होणे हाही त्याचा जुना आणि अजून जिवंत असलेला अर्थ आहे. जत्रेत मूल चुकते, कळपातून वासरू चुकते. 'कन्या सासुऱ्यासी जाये' या अभंगात तुकाराम महाराज म्हणतात, 'चुकलिया माये । बाळ हुरुहुरू पाहे'. येथे दूर झाली आहे ती आई, आणि कासावीस झाले आहे ते बाळ. आपल्या प्रयोगातही दृष्टीआड कोणीतरी झालेले असते आणि चुकल्यासारखे मात्र मागे राहिलेल्याला वाटते. गेलेला जीव कोणाच्या मालकीचा होता, ही चौकशी त्यात कोठेच नाही. म्हणूनच गल्लीच्या मांजराला तो इतका लागू पडतो. बोलताना आपण 'चुकल्याचुकल्यासारखे' अशी द्विरुक्ती करतो, ती पत्रातही अवश्य ठेवावी. मुलांना रागावू नये. हा शब्द त्यांच्या कानावर पडत राहिला तर ती आपण होऊन वापरू लागतील.

पुरवणी (मिरज)

'आले नाही' हे एका वेळेपुरते झाले, 'येत नाही' ही सध्याची स्थिती झाली, आणि येणे हळूहळू कमी होत थांबले असेल तर 'येईनासे झाले' असे लिहावे. तुमचे मांजर कसे थांबले, यावर निवड अवलंबून आहे. ते मादी असेल तर आणखी एक शक्यता आहे. मांजरी सुमारे नऊ आठवडे गाभण असते आणि व्यायल्यावर पिलांना घेऊन जागा बदलत राहते. 'मांजर पिलांना सात घरे फिरवते' असे लोक म्हणतात ते यावरूनच. तेव्हा 'कायमचे गेले' असे लिहिण्याची घाई करू नये.

प्रश्नकर्ता

मादीच आहे, आणि तिचे पोटही मोठे दिसत होते. येणे एकदम थांबले, त्यामुळे 'येईनासे' नको. बहिणीला असे लिहीत आहे : 'गणपतीपासून मांजर फिरकलेले नाही आणि दुधाच्या वेळी सगळ्यांनाच चुकल्याचुकल्यासारखे वाटते. बहुधा कोठेतरी व्यायली असावी.' पहिल्या वाक्यात नपुंसकलिंग आणि दुसऱ्यात स्त्रीलिंग, हे चालेल का?

उत्तर (सातारा)

पत्रात चालेल, बोलताना आपण असेच बोलतो. एकसारखेपणा हवा असेल तर 'मांजर' ऐवजी 'भाटी' (मांजराची मादी) लिहा, म्हणजे 'फिरकलेली नाही' आणि 'व्यायली असावी' ही दोन्ही रूपे जुळतील.