मदत हवी आहे: १६०० मीटर संपल्यावर भोवळ येते, नाडी मात्र झपाट्याने उतरते

मैदान_सोलापूर:
पोलीस भरतीची तयारी करणारा २२ वर्षांचा मुलगा. होम मैदानावर सकाळी १६०० मीटर पळतो. तीन आठवड्यांत दोनदा पडला, दोन्ही वेळा धाव संपवून गुडघ्यांवर हात टेकून उभा असताना. आधी मळमळ, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर. ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल.

काल डॉक्टर शेजारी असताना मोजलं. रेषा ओलांडताना नाडी १८४, १ मिनिटाने १३६, २ मिनिटांनी १०४, ३ मिनिटांनी ६८. बीपी १ मिनिटाला १४८/७०, ३ मिनिटांना ८४/५०. लगेच आडवं केलं, दोन मिनिटांत १०८/६६.

पहिल्याच मिनिटात नाडी ४८ ने उतरली, म्हणजे रिकव्हरी चांगलीच ना? मग पडतो का? आणि ट्रेडमिल टेस्ट (सरकत्या पट्ट्यावर पळवून ईसीजी) करावी का?

नाडी_आणि_दाब:
तिसऱ्या मिनिटाचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा: वरचं बीपी ८४, नाडी ६८. उभ्या माणसाचा दाब पडला की नाडी वाढायला हवी. इथे दोन्ही एकदम खाली गेलेत. हे व्हॅसोव्हेगल भोवळीचं (नाडी आणि दाब दोन्ही एकदम पडून येणाऱ्या भोवळीचं) चित्र आहे.

पळताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला रक्त वर ढकलत असतात. थांबला की ते बंद, पण स्नायूंतल्या रक्तवाहिन्या अजून सैलच. रक्त पायात साचतं, हृदयाकडे कमी येतं. त्यातच थांबल्या क्षणी व्हेगस नर्व्ह (हृदयाचे ठोके मंद करणारी नस) नाडीला लगाम घालते. पहिल्या मिनिटातली घसरण मुख्यतः तिचीच. भोवळ येणाऱ्यांत हा लगाम गरजेपेक्षा जास्त ओढला जाऊ शकतो, म्हणून ४८ चा आकडा दमसास दाखवतो, सुरक्षितपणा नाही.

नेटवर 'पहिल्या मिनिटात नाडी १२ किंवा त्याहून कमी उतरली तर धोका' असं वाचाल. तो निकष १९९९ च्या क्लीव्हलँडच्या अभ्यासातला, मध्यमवयीन आणि त्यापुढच्या रुग्णांचा, तोही टेस्टनंतर सावकाश चालवून मोजलेला. या मुलाला लावू नका.

ट्रेडमिल टेस्ट करा, पण आधी सांगून ठेवा. बऱ्याच ठिकाणी टेस्ट संपली की रुग्णाला लगेच बसवतात किंवा आडवं करतात, मग भोवळ दिसतच नाही. रिकव्हरी १० मिनिटं पाहावी, दर मिनिटाला बीपी घ्यावं, आणि उभं ठेवायचं का हे डॉक्टरांनीच ठरवावं. ईसीजीवरचा क्यूटी (एका ठोक्याच्या विद्युत लहरीला लागणारा वेळ) पुन्हा मोजून घ्या.

एक मात्र पक्कं विचारा: पळता पळता कधी पडला का? पूर्वसूचना न देता? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? यातलं एकही 'हो' असेल तर धावणं आजपासून बंद, आधी हृदयरोगतज्ज्ञ.

मैदान_सोलापूर:
तिन्हींचं उत्तर नाही. टेस्ट होईपर्यंत धावणं थांबवलंय. पण पुढे मैदानावर मोजायचं कसं? डिजिटल मशीन 'एरर' दाखवतं.

कफ_बांधणारा:
ते मशीन दंड हलला की गोंधळतं, आणि आकडा यायला अर्धं मिनिट जातं. डायलचं यंत्र आणि स्टेथोस्कोप घ्या. पट्टा धावण्याआधीच दंडावर बांधा, हवा न भरता. नळी धाव संपल्यावर जोडा. मोजताना दंड छातीच्या उंचीवर हवा, लोंबकळता हात आकडा फुगवतो. नाडी १५ सेकंद मोजून चौपट करा. एक ठोका चुकला तर ४ चा फरक पडतो, म्हणून छातीच्या पट्ट्याचं सेन्सर असेल तर उत्तम. मनगटी घड्याळ इतक्या वेगाने उतरणाऱ्या नाडीच्या मागे पडतं. एकजण नाडी, दुसरा बीपी. मळमळ म्हणाला की मोजणं सोडा, आडवं करा, पाय वर. आकड्यासाठी उभं धरून ठेवू नका.

पडल्यावर लोक उचलून बसवतात, कांदा हुंगवतात, तोंडात पाणी ओततात. बसवलं की मेंदूचं रक्त पुन्हा कमी होतं, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडातलं पाणी श्वासनलिकेत जातं. आडवंच राहू द्या.

डॉक्टरांनी परत पळायला परवानगी दिली की रेषा ही थांबायची जागा नाही. पुढे २०० मीटर भरभर चाल, मग ५ मिनिटं सावकाश. धावण्याआधी १५-२० मिनिटं अर्धा लिटर पाणी. बीपी-किडनीचा त्रास नसेल तर मीठ घातलेलं ताक चालेल. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात सहाच्या आत पळून घ्या. उन्हात कातडीच्या रक्तवाहिन्याही सैलावतात आणि दाब आणखी पडतो. गरम पाण्याची आंघोळ लगेच नको.

मैदान_सोलापूर:
भरतीत रेषेपलीकडे चालायला जागा नसते, नंबर नोंदवायला रांगेत उभं करतात.

कफ_बांधणारा:
मग रांगेतच टाचा वर-खाली करत राहायचं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर पायावर पाय टाकून मांड्या-नितंब घट्ट आवळायचे, मुठी करकचून वळायच्या, श्वास न कोंडता. याने दाब वर येतो. तरीही अंधारी हटली नाही तर लाज न बाळगता तिथेच खाली आडवं व्हायचं. उकिडवं बसलंच तर झटकन उठायचं नाही. ही आवळण्याची सवय आत्ताच रोज उभं राहून करून घ्या, त्या दिवशी पहिल्यांदा करायला गेलं तर आठवत नाही.