व्हीएमवेअर सोडा, प्रॉक्समॉक्स घ्या: मध्यम कारखान्यांसाठी माझं स्पष्ट मत

सर्व्हररूम_भोसरी (धागाकर्ता)
नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची कंपनी) ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. आता फक्त सबस्क्रिप्शन, तेही कोअर मोजून आणि एका सीपीयूला किमान १६ कोअर धरून. आमच्याकडे तीन होस्ट (व्हीएम चालवणारे सर्व्हर) आहेत, प्रत्येकात आठ कोअरचे दोन सीपीयू. कोअर ४८, बिल ९६ चं!

व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ७ चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या लायसन्सवर गाडी चालू राहते हे खरं, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज या खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरने जुन्या, पॅच न लावलेल्या ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचं होस्टवरचं सॉफ्टवेअर) सर्व्हरची काय दशा केली ते आठवा.

म्हणून माझं मत तेच काम करणाऱ्या प्रॉक्समॉक्सला. व्हिएन्नाची कंपनी, २००८ पासून बाजारात, खाली डेबियन लिनक्स आणि त्यावर व्हीएम चालवणारं केव्हीएम. क्लस्टर (होस्टची एकत्र मोट), लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं), हाय अव्हेलेबिलिटी (होस्ट पडला की व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू होणं) सगळं फुकटच्या आवृत्तीतही आहे. पैसे मोजायचे ते सपोर्टचे, आणि तेही सॉकेटवर, म्हणजे सीपीयू मोजून. आपल्या एमआयडीसीतल्या कारखान्यांनी दरवर्षी हा भुर्दंड का सोसायचा?

डोमेन_कंट्रोलर
व्हीएमवेअर सोडा, इथपर्यंत सहमत. पुढे अजिबात नाही.

तुमच्या व्हीएममध्ये चालतं काय? ईआरपी (कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर), एसक्यूएल सर्व्हर, टॅली, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (यूजर आणि पासवर्डची व्यवस्था). सगळं विंडोज. खाली हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) कुठलाही घाला, विंडोज सर्व्हरचं लायसन्स होस्टच्या कोअरवर घ्यावंच लागतं. डेटासेंटर एडिशन असेल तर त्या होस्टवर हव्या तितक्या विंडोज व्हीएम चालवता येतात आणि मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायझर हायपर-व्ही त्यातच येतो. पैसे भरून झालेत, वस्तू कपाटात पडून आहे आणि तुम्ही नवी शोधताय. शिवाय तुमच्या हाताखालची दोन पोरं विंडोज शिकून आलीत. रात्री प्रॉक्समॉक्सचं क्लस्टर जोडून ठेवणाऱ्या कोरोसिंकचा लॉग त्यांच्यापैकी कोण वाचणार?

सर्व्हररूम_भोसरी
डेटासेंटर असेल तर तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण लहान कंपन्यांत बहुधा स्टँडर्ड असतं, आणि त्यात एका लायसन्सवर दोनच व्हीएम. दुसरं म्हणजे दर महिन्याच्या पॅचनंतर होस्ट रीस्टार्ट करत बसायचं मला नको.

रात्रपाळी
दोघेही स्टोरेजबद्दल गप्प आहात, आणि घोडं तिथेच अडतं.

बहुतेक ठिकाणी आयस्कझी सॅन (नेटवर्कवरून सगळ्या होस्टना मिळणारं सामायिक स्टोरेज) आहे, त्यावर व्हीएमवेअरची व्हीएमएफएस फाइल सिस्टम. प्रॉक्समॉक्समध्ये तीच सॅन शेअर्ड एलव्हीएमने (लिनक्सच्या डिस्क-विभागणीने) जोडली की आठव्या आवृत्तीपर्यंत स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची, परत जाता येणारी स्थिती) मिळतच नव्हता. ऑगस्ट २०२५ च्या नवव्या आवृत्तीत सोय आली, पण टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू, म्हणजे चाचणीची सोय म्हणून. प्रॉडक्शनचा ईआरपी मी प्रिव्ह्यूवर ठेवणार नाही. सेफ (Ceph, होस्टमधल्याच डिस्क जोडून बनवलेलं सामायिक स्टोरेज) वापरायचं तर प्रत्येक होस्टमध्ये डिस्क आणि वेगळं दहा गिगाबिटचं नेटवर्क हवं. तो खर्च लायसन्सच्या बचतीतून वजा केलात का?

आणि सपोर्ट. प्रॉक्समॉक्सचा अधिकृत सपोर्ट ऑस्ट्रियाच्या कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. तिसऱ्या पाळीत डिस्पॅचचं चलन निघेना, गेटवर ट्रक उभे, तेव्हा तुम्ही फोन कुणाला लावणार? मी तरी चढा दर सोसून व्हीएमवेअरवरच थांबेन.

सर्व्हररूम_भोसरी
सपोर्टसाठी स्थानिक पार्टनर आधी पक्का करावा, हे मान्य. त्याशिवाय कुणी हात घालू नये.

स्थलांतराचा बाऊ मात्र नको. २०२४ पासून ईएसएक्सआयवरून थेट व्हीएम ओढून घेणारा विझार्ड आहे. काळजी विंडोज व्हीएमची घ्यायची. आधी व्हीएममधले व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमवेअरचे ड्रायव्हर) काढा. बूट डिस्क सुरुवातीला साटावर ठेवा, सोबत एक छोटी व्हर्टआयओ (केव्हीएमची वेगवान आभासी डिस्क, तिला वेगळा ड्रायव्हर लागतो) डिस्क जोडा, ड्रायव्हर बसू द्या, मग बूट डिस्क व्हर्टआयओवर न्या. ही पायरी गाळली की निळा स्क्रीन ठरलेला. नेटवर्क कार्डही बदलतं, म्हणून स्टॅटिक आयपी आधीच लिहून ठेवा. बॅकअपचं सॉफ्टवेअर वीम, त्यानेही २०२४ मध्येच प्रॉक्समॉक्सला आधार दिला.

कोल्हापुरी_फाउंड्री
धागाकर्त्याला +१, फक्त एक अट. होस्ट दोनच असतील तर क्लस्टरमध्ये तिसरं मत देणारं क्यूडिव्हाइस वेगळ्या मशीनवर लावा. नाहीतर एक होस्ट पडला की कोरम (बहुमत) जातो आणि हाय अव्हेलेबिलिटी नावालाच उरते.

रात्रपाळी
विझार्ड चालतो, त्यावर वाद नाही. पण ईआरपीवाला प्रॉक्समॉक्सवर सपोर्ट देतो का, हे कुणी लेखी घेतलंय? सॅप हानासारखी (सॅप कंपनीचा डेटाबेस) सॉफ्टवेअर ठरावीक हायपरव्हायझरवरच प्रमाणित असतात. बिघाड झाला की व्हेंडर पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि तिथेच हात वर करतो.

डोमेन_कंट्रोलर
हे पत्र हायपर-व्हीसाठी सहसा सहज मिळतं. धागाकर्त्यांनी व्हेंडरला मेल टाकावा आणि उत्तर जसंच्या तसं इथे द्यावं. पत्र मिळालं तर प्रॉक्समॉक्सला असलेला माझा निम्मा विरोध मी मागे घेईन. उरलेला निम्मा त्या दोन पोरांच्या ट्रेनिंगचा आहे. त्याचे पैसे बजेटमध्ये कुठल्या ओळीत धरलेत, तेही सांगा.