मदत हवी आहे: सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) झालं, दोन महिन्यांनी एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग (ते ठरावीक विमान उडवायचं प्रशिक्षण). तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी. इथे एअरलाइनमधले एक-दोघं आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतोय.

लायसन्सला लागतात तेवढे २०० तास झालेत. बहुतेक छोट्या सेसना १७२ वर, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर, म्हणजे फक्त उपकरणं बघून उडवायची पात्रता) दोन इंजिनांच्या डीए४२ वर. लेखी, सायकोमेट्रिक, मुलाखत सगळं पार पडलं. बॅच सुरू होईपर्यंत सांगलीला घरीच आहे.

एका मित्राने टेलिग्रामवरून ए३२० च्या मॅन्युअलची पीडीएफ पाठवली आहे, कुठल्याशा परदेशी कंपनीची, हजारो पानं. दुसरा म्हणतो मेमरी आयटम (आणीबाणीत न वाचता करायच्या कृती) पाठ कर. तिसऱ्याने जॉयस्टिक आणून घरीच एअरबस उडवायला सुरुवात केलीय.

मला धास्ती दोनच गोष्टींची आहे. सेसनाचा अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणं) ६५ नॉटला, इथे १३५-१४०. डोकं तेवढं पळणार कसं? आणि आजवर चेकलिस्ट मीच वाचायची, उत्तरही मीच द्यायचं. पायलट मॉनिटरिंग म्हणून शेजारी बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आई म्हणते, झोप काढ. तेही पटायला लागलंय.

प्रतिसाद: उजवी_सीट

अभिनंदन रे! ती पीडीएफ आधी मिटव. कंपनीगणिक कॉलआउट (कॉकपिटमध्ये मोठ्याने म्हणायचे ठरलेले शब्द) बदलतात, आवृत्तीगणिक मेमरी आयटमचे शब्द बदलतात. एकदा तोंडात बसलेलं चुकीचं वाक्य सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) नको तेव्हा बाहेर येतं. कंपनीचं मॅन्युअल हातात आलं की मगच पाठांतर.

वेगाचा इलाज तोंडी हिशेब. तीन डिग्रीच्या ग्लाइडस्लोपवर (उतरायच्या तिरक्या वाटेवर) ग्राउंडस्पीडच्या, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने नॉटमधल्या वेगाच्या, पाचपट म्हणजे मिनिटाला किती फूट खाली यायचं ते: ६५ ला ३२५, १४० ला ७००. डिसेंट (खाली उतरणं) कुठे सुरू करायचा? जितके हजार फूट उतरायचे त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल. ३०,००० फुटांना ९० मैल, वेग कमी करायला वर दहाएक, वारा पाठीमागून असेल तर आणखी थोडे. भाजी आणायला जाता-येता हे सुटलं पाहिजे. सिममध्ये एक इंजिन बंद पडलेलं असताना कागद-पेन शोधायला सवड नसते.

जॉयस्टिक वाईट नाही, पण ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर (विमान कुठे वळवायचं ते दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या रेषा) बंद करून नुसत्या रॉ डेटावर, म्हणजे उपकरणांचे मूळ आकडे-काटे बघून, आयएलएस (रेडिओ सिग्नलवरचा अप्रोच) कर. स्कॅन, म्हणजे उपकरणांवरून नजर फिरवायची सवय, सुधारतो. लँडिंग मात्र त्यावर शिकू नकोस.

आणि कॉकपिटचं पोस्टर चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडून छापून घे. वाढदिवसाचे बॅनर छापतो तोच. भिंतीवर लाव, समोर खुर्ची टाक. कुठलं पॅनेल कुठे आहे हे हाताला माहीत हवं. स्विचचा क्रम कंपनी शिकवेल.

प्रतिसाद: ढगांच्या_वर

मी बरीच वर्षं लाइन ट्रेनिंग (प्रवासी उड्डाणांवर नव्या पायलटांचं प्रशिक्षण) देते. नवी मुलं उडवण्यात फारशी अडकत नाहीत, बोलण्यात अडकतात. आपल्याकडे मोठ्यांना टोकायची सवय नसते. वेग घसरलेला दिसत असतो, पण 'सर' म्हणून मुलगा थांबतो. सर नको, 'स्पीड' म्हण. हजार फुटांवर अप्रोच स्थिर (वेग, वाट ठरल्याप्रमाणे) नसेल तर तेही मोठ्याने सांगायचं, शेजारी कितीही पट्ट्यांचा कॅप्टन असो. ए३२० मध्ये तर दोन साइडस्टिक (दोन्ही पायलटांच्या बाजूच्या कंट्रोल स्टिक) एकमेकींना जोडलेल्या नसतात आणि ऑटोथ्रस्टवर (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेवर) थ्रस्ट लिव्हरही जागचे हलत नाहीत. शेजारचा काय करतोय ते हाताला कळत नाही, स्क्रीनवर वाचावं लागतं. म्हणून तर मॉनिटरिंग.

बॅचमधल्या कुणाला तरी रोज फोन लाव. एक जण उडवणारा, दुसरा बघणारा, पूर्ण अप्रोच तोंडाने करा.

मेडिकल आणि आयआरच्या तारखा बघितल्यास का? दोन्ही वर्षभराचेच असतात. ट्रेनिंग लांबलं तर मधेच संपतील.

धागाकर्ता

ताई, दादा, खूप आभार. फ्लेक्सवाला मित्रच आहे, काम झालं. मेडिकल नुकतंच केलंय, पण आयआर तीन महिन्यांत संपतोय. बॅचच्या आधीच रिन्यू करून घेऊ, की कंपनीला विचारून थांबू?