मदत हवी आहे: ड्राफ्ट सर्व्हे करताना पाण्याची घनता दोनदा धरायची का?

नमस्कार मंडळी, मुरगाव बंदरात ड्राफ्ट सर्व्हेचं (जहाज पाण्यात किती बुडालंय ते बघून आतल्या मालाचं वजन काढायचं) काम नुकतंच शिकतोय. जहाजाच्या पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंनी मिळून बुडालेल्या खोलीचे सहा आकडे वाचतो. (लाट असली की आकडा वरखाली नाचतो, मग वरचा-खालचा बघून मधला धरतो. डोळे पार शिणतात!) त्यावरून तक्त्यातून जहाजाचं एकूण वजन काढतो आणि त्यातून रिकाम्या जहाजाचं वजन, तेल, गोडं पाणी, बॅलास्ट (तोल राखायला टाक्यांत भरलेलं पाणी) वजा करतो. इथवर ठीक.

अडलंय ते पुढे. तक्ता 1.025 घनतेच्या समुद्राच्या पाण्यासाठी असतो. पावसाळ्यात जुवारीचं गोडं पाणी मिसळलं की घनता उतरते. समजा हायड्रोमीटरवर 1.018 आली, तर एकूण वजनाच्या 60,000 टनांना 1.018 ने गुणून 1.025 ने भागलं की साधारण 410 टन कमी भरतात. एवढं खनिज म्हणजे थट्टा नव्हे!

मग जहाजाच्या कागदांत गोड्या पाण्यासाठी दिलेली मिलिमीटरमधली सूटही धरायची का? मला वाटतं ती फक्त प्लिमसोल रेषा (जहाज कुठवर भरायचं ते दाखवणारी बाजूवरची खूण) किती बुडू द्यायची एवढ्यापुरतीच आहे; सोबतचा एकजण म्हणतो दोन्ही धरा. कोण बरोबर? आणि पाण्याचा नमुना नेमका किती खोलीवरून घेता?